स्कालामध्ये जावाची कलेक्शन्स वापरताना: कोणत्या क्रमाने काय करायचं आणि कुठे चुकतं

स्काला या प्रोग्रामिंग भाषेत जावा भाषेतल्या यादीपुढे `.ॲजस्काला` (ती यादी स्कालाची म्हणून वापरू देणारं रूपांतर) लावलं, एडिटरमधली लाल रेघ गेली, की काम झालं असं समजून लिहिलेला कोड रत्नागिरी-चिपळूणकडच्या नव्या मुलांकडून माझ्याकडे सतत तपासायला येतो. त्यातल्या चुका ठरावीक आहेत. कंपायलर त्या पकडत नाही आणि चाचणीच्या चार नोंदींवर त्या दिसतही नाहीत. हंगाम ऐन भरात आला, नोंदी वाढल्या, की आकडे चुकायला लागतात. तेव्हा शोधत बसण्यापेक्षा आधीच क्रमाने काम केलेलं बरं.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो: आंबा बागायतदारांचा हिशोब. एक जुनी जावा लायब्ररी वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्ट्या वाचते. पट्टीत गाव, पेट्या, पेटीतले डझन, दर, हमाली, भाडं, आडत असं सगळं असतं. त्यावरचा नवा हिशोब स्कालात लिहायचा आहे. दोन्ही एकाच जेव्हीएमवर (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालतात, त्यामुळे वस्तू इकडून तिकडे सहज जातात. अडचण फक्त यादी, संच आणि मॅप (की आणि तिची किंमत अशा जोड्या) यांची आहे, कारण ते दोन्हीकडे वेगवेगळे आहेत.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत सलग लिहा. `ॲजस्काला`मधला एस आणि `ॲजजावा`मधला जे कॅपिटल.

## तयारी: कोड लिहिण्याआधी

पहिली गोष्ट, बिल्ड फाइल उघडून स्कालाची आवृत्ती बघा. २.१२ आणि २.१३ यांच्यात कलेक्शन्सची मांडणी बदलली आहे. २.१३ जून २०१९ मध्ये आली. स्काला ३ त्याच २.१३ च्या कलेक्शन्सवर उभी आहे, त्यामुळे खाली २.१३ साठी जे सांगितलं आहे तेच स्काला ३ लाही लागू आहे. नेटवर मिळणारी अर्धी उत्तरं २.१२ किंवा त्याआधीची असतात आणि ती तशीच चिकटवल्यामुळे निम्मा गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट, जावा लायब्ररीला तुम्ही जिथे जिथे हात लावता त्या फंक्शन्सची यादी करा. प्रत्येकापुढे तीन उत्तरं लिहा:

- परत येणारी यादी नल (म्हणजे यादीच नाही) असू शकते का?
- दिल्यानंतर जावाची बाजू ती बदलत राहते का?
- आपण दिलेली यादी जावाची बाजू बदलते का?

ही तीन उत्तरं नसताना रूपांतर लिहायला बसू नका. खालचा प्रत्येक टप्पा यांतल्याच एखाद्या उत्तरावर अवलंबून आहे.

## टप्पा १: इम्पोर्ट नीट करा

२.१३ आणि स्काला ३ साठी एकच इम्पोर्ट लागतो:

```
इम्पोर्ट स्काला.जेडीके.कलेक्शनकन्व्हर्टर्स._
```

स्काला ३ मध्ये शेवटच्या अंडरस्कोरऐवजी तारा, म्हणजे गुणाकाराचं चिन्ह.

`जावाकन्व्हर्टर्स` हे जुनं नाव २.१३ मध्ये चालतं, पण इशारा देतं. `जावाकन्व्हर्जन्स` मात्र २.१३ मधून काढूनच टाकलं आहे. ते रूपांतर न सांगता, गुपचूप करत असे. कोड वाचणाऱ्याला कुठे काय बदललं ते कळत नसे. ते गेलं हे उत्तम झालं.

इशारा: `जावा.युटिल`मधलं सगळं एकदम इम्पोर्ट करू नका. त्यातले `लिस्ट`, `मॅप`, `सेट` स्कालाच्या त्याच नावांना झाकतात आणि मग साधी `लिस्ट(१, २)` ही ओळसुद्धा कंपाइल होत नाही. पॅकेजला `जेयू` असं छोटं नाव द्या आणि जावाची यादी नेहमी `जेयू.लिस्ट` अशी लिहा. वाचणाऱ्यालाही कोणती यादी कुठली ते लगेच कळतं.

तपासणी: "फॉरईच इज नॉट अ मेंबर" किंवा "मॅप इज नॉट अ मेंबर" असा संदेश येत असेल, तर एक तर इम्पोर्ट राहिला आहे किंवा `.ॲजस्काला` राहिलं आहे. जावाच्या यादीवर `फॉरईच` असतं, पण त्यातला ई कॅपिटल असतो. स्कालाच्या फॉर-लूपला तो चालत नाही.

## टप्पा २: `ॲजस्काला` कॉपी करत नाही, हे पक्कं करा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

`.ॲजस्काला` नवी यादी बनवत नाही. ते जावाच्या यादीभोवती एक पातळ रॅपर चढवतं. एकाच पडवीला दोन दारं असावीत तसं: जावाच्या दाराने पेटी बाहेर काढली, तर स्कालाच्या दारातून बघणाऱ्यालाही ती दिसणार नाही. म्हणूनच ते स्वस्त आहे. दहा नोंदी असोत की दहा लाख, रॅपर चढवायला सारखाच वेळ लागतो.

कशाचं काय होतं ते लक्षात ठेवा. जावाची `लिस्ट` स्कालाचा म्युटेबल (बदलता येणारा) `बफर` होते. `सेट`चा म्युटेबल `सेट`, `मॅप`चा म्युटेबल `मॅप`, `कॉन्करंटमॅप`चा स्कालाचा कॉन्करंट `मॅप`, आणि `प्रॉपर्टीज`चा स्ट्रिंग-ते-स्ट्रिंग म्युटेबल मॅप. `कलेक्शन`चं मात्र फक्त `इटरेबल` होतं.

प्रकार म्युटेबल दिसतो याचा अर्थ बदल करता येईलच असं नाही. मूळ यादी जावाच्या `लिस्ट.ऑफ`ने बनवलेली असेल, तर स्कालाकडे `बफर` दिसेल, `+=` कंपाइलही होईल, आणि चालवताना `अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन` येईल. `ॲरेज.ॲजलिस्ट`ने बनवलेल्या यादीत जागेवरचा घटक बदलता येतो, पण यादी वाढवता येत नाही.

आता नियम. जावाकडून आलेला डेटा फक्त त्याच ओळीत वाचून संपवायचा असेल, तर रॅपर पुरे. तो साठवायचा असेल, केस क्लासमध्ये ठेवायचा असेल, दुसऱ्या फंक्शनला द्यायचा असेल, किंवा फ्यूचरमध्ये (नंतर, वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या कामात) न्यायचा असेल, तर लगेच कॉपी करा:

```
व्हॅल पट्ट्या = जुनीसेवा.पट्ट्या().ॲजस्काला.टूलिस्ट
```

क्रमांकाने वारंवार घटक काढायचा असेल, तर `टूलिस्ट`ऐवजी `टूव्हेक्टर`.

इशारा: २.१२ मध्ये कॉपीसाठी `टूसेक`वर विसंबू नका. तिथे `सेक` म्हणजे म्युटेबलसुद्धा चालणारा सामान्य प्रकार आहे, त्यामुळे बफरवर `टूसेक` केलं की तोच बफर परत मिळतो. २.१३ मध्ये `सेक` इम्युटेबल (न बदलणारा) झाला, म्हणून तिथे खरी कॉपी होते. `टूलिस्ट` आणि `टूव्हेक्टर` दोन्ही आवृत्त्यांत कॉपीच करतात. दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड असेल, तर हेच वापरा.

इशारा: रॅपरवर फिरत असताना त्याच यादीतून काही काढू नका. `कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन` येतो. आधी `टूलिस्ट`, मग त्या प्रतीवर फिरा आणि मूळ यादीतून काढा. दुसरा थ्रेड त्याच वेळी साधी `ॲरेलिस्ट` बदलत असेल, तर `टूलिस्ट` करतानाही तोच अपवाद येऊ शकतो. तिथे कॉपी हा उपाय नाही. लॉक तरी लावा किंवा जावाच्या बाजूला `कॉपीऑनराइटॲरेलिस्ट`सारखी यादी घ्या.

## टप्पा ३: नल आधी, रूपांतर नंतर

`नल`वर `.ॲजस्काला` केलं तर काय होतं? काहीच होत नाही, `नल`च परत मिळतं. अपवाद येतो तो पुढच्या `.मॅप` किंवा `.टूलिस्ट`वर. आधी फक्त `.ॲजस्काला` करून ते कुठे साठवून ठेवलं असेल, तर अपवाद भलत्याच फाइलमध्ये निघतो आणि मूळ जागा सापडत नाही.

```
व्हॅल पट्ट्या = ऑप्शन(जुनीसेवा.पट्ट्या(गाव)).मॅप(_.ॲजस्काला.टूलिस्ट).गेटऑरएल्स(निल)
```

`ऑप्शन`च लिहा: किंमत असेल तर ते `सम` देतं, नल असेल तर `नन`. `सम` लिहिलंत तर `सम(नल)` तयार होतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

यादीच्या आतही नल असू शकतात. `.ॲजस्काला.इटरेटर.फिल्टर(_ != नल).टूलिस्ट` हे एका ओळीत जमतं. पण गाळण्याआधी विचार करा. रिकामी पट्टी म्हणजे माल विकला गेला नाही असा अर्थ असेल, तर ती गाळून टाकणं म्हणजे बागायतदाराची नोंद गायब करणं होय. तिथे तिला स्वतःचा प्रकार द्या.

मॅपमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. जावाच्या मॅपवर `गेट` केलं आणि शोधलेली की (जोडीतली खूण, इथे गावाचं नाव) मॅपमध्ये नसेल, तर नल मिळतं. रॅपरवर `गेट` केलं तर `नन` मिळतं, हे चांगलं. पण की आहे आणि तिच्यापुढे नल ठेवलेलं आहे, तर रॅपर `सम(नल)` देतो. पॅटर्न मॅचिंगमध्ये ती `सम`च्या फांदीत शिरते आणि तिथे आपटते. उपाय:

```
दर.ॲजस्काला.गेट(गाव).फ्लॅटमॅप(ऑप्शन(_))
```

## टप्पा ४: आतल्या याद्या स्वतः बदला

रूपांतर फक्त वरच्या थरापुरतं असतं. गावानुसार पट्ट्यांचा मॅप आला, तर `.ॲजस्काला`नंतर बाहेरचा मॅप स्कालाचा होतो, आतल्या याद्या मात्र जावाच्याच राहतात.

```
व्हॅल गावानुसार = जुना.ॲजस्काला.इटरेटर.मॅप {
  केस (गाव, यादी) => गाव -> यादी.ॲजस्काला.टूलिस्ट
}.टूमॅप
```

इथे `.व्ह्यू.मॅपव्हॅल्यूज` वापरण्याचा मोह होतो. शेवटी `.टूमॅप` असेल तर हरकत नाही. ते विसरलात तर मिळतो तो आळशी व्ह्यू: प्रत्येक वेळी वाचताना आतलं काम पुन्हा होतं आणि खालचा जावा मॅप बदलला की उत्तरही बदलतं. सकाळी छापलेली बेरीज दुपारी जुळत नाही, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

तपासणी: रूपांतरानंतरच्या व्हॅल्यूचा प्रकार हाताने लिहा, म्हणजे `मॅप[स्ट्रिंग, लिस्ट[पट्टी]]` असा. कुठल्याही थरात जावाची यादी उरली असेल, तर कंपायलर तिथेच थांबवेल. या एका सवयीने बरेच तास वाचतात.

## टप्पा ५: आकडे

जावाच्या यादीत स्कालाचा `इंट` नसतो, जावाचा `इंटिजर` असतो. `.ॲजस्काला`नंतरही तो `इंटिजर`च राहतो, आणि म्हणून बेरजेचं `.सम` (टप्पा ३ मधलं `ऑप्शन`चं `सम` नव्हे) थेट चालत नाही. योग्य रीत:

```
व्हॅल एकूण = पेट्या.ॲजस्काला.इटरेटर.मॅप(_.इंटव्हॅल्यू).सम
```

चुकीची रीत म्हणजे `ॲजइन्स्टन्सऑफ` वापरून संपूर्ण यादी `जेयू.लिस्ट[इंट]` म्हणून कास्ट करणं. ती कंपाइल होते, चालतेही. पण यादीत नल असेल तर स्काला त्याचा शून्य करते. दर न भरलेली पट्टी शून्य दराने हिशोबात जाते, बेरीज कमी येते आणि कुठेही अपवाद येत नाही. `.इंटव्हॅल्यू` अशा वेळी `नलपॉइंटरएक्सेप्शन` देतं. हिशोबाच्या कामात थांबणारा प्रोग्राम चुकीच्या पट्टीपेक्षा शंभरपट बरा.

दुसरी, त्याहून लपलेली चूक. जावाच्या मॅपची की `लाँग` आहे, पट्टी क्रमांकाची. कोणी रॅपर न चढवता `जुनामॅप.गेट(५)` लिहितं. जावाचं `गेट` कुठलीही वस्तू घेतं, म्हणून कंपायलर गप्प बसतो. ५ चा `इंटिजर` होतो, मॅपमध्ये `लाँग` आहे, जावाच्या `इक्वल्स`ला हे दोन वेगळे, उत्तर नल. स्कालात `५ == ५एल` खरं ठरतं, म्हणून चूक डोळ्यांना दिसतच नाही. रॅपर चढवून स्कालाचं `गेट` वापरलं, तर कीचा प्रकार तपासला जातो आणि ही ओळ कंपाइलच होत नाही.

रकमा `बिगडेसिमल`मध्ये असतील, तर त्याही सीमेवरच स्कालाच्या `बिगडेसिमल`मध्ये आणा. जावाच्या `इक्वल्स`ला २.० आणि २.०० वेगळे वाटतात.

## टप्पा ६: क्रम सांभाळा

पेट्या उचलणारी गाडी ज्या क्रमाने जाते तो क्रम जावाच्या `लिंक्डहॅशमॅप`मध्ये आहे: खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी. `.ॲजस्काला.टूमॅप` केलं, चाचणी घेतली, क्रम बरोबर आला. मग कोणी राजापूर जोडलं आणि क्रम विस्कटला.

कारण साधं आहे. स्कालाचा इम्युटेबल `मॅप` ४ नोंदींपर्यंत त्या घातलेल्या क्रमाने ठेवतो, कारण तेवढ्यांसाठी खास छोटे वर्ग आहेत. पाचव्या नोंदीला तो हॅशमॅप होतो आणि क्रमाची हमी संपते. `सेट`चंही तेच. चाचणीत दोन-चार नोंदी ठेवणाऱ्यांना ही चूक कधीच सापडत नाही, म्हणून क्रमाच्या चाचणीत किमान दहा-बारा नोंदी ठेवा.

```
व्हॅल मार्ग = व्हेक्टरमॅप.फ्रॉम(जुनामार्ग.ॲजस्काला.इटरेटर)
```

`व्हेक्टरमॅप` २.१३ पासून आहे. `लिस्टमॅप`ही क्रम ठेवतो, पण त्यात शोध एकेक नोंद बघत जातो, म्हणून तो लहान मॅपपुरताच. जावाकडे `ट्रीमॅप` असेल, तर स्कालाच्या `ट्रीमॅप.फ्रॉम`मध्ये घ्या.

इशारा: मध्ये `.इटरेटर` ठेवायला विसरू नका. मॅपच्या रॅपरवर थेट `.मॅप` करून जोड्या परत दिल्या, तर मध्येच एक नवा साधा हॅशमॅप तयार होतो. मग शेवटी `व्हेक्टरमॅप` घेऊन उपयोग नाही, क्रम आधीच गेलेला असतो.

## टप्पा ७: परत जावाकडे

इथे तयारीतलं तिसरं उत्तर लागतं: जावाची बाजू यादी बदलते का?

बदलत नसेल, तर `.ॲजजावा` पुरे. बदलत असेल, तर नाही. इम्युटेबल यादीच्या रॅपरवर जावाने `ॲड` केलं की `अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन`. `सॉर्ट`लाही तेच होतं, कारण सॉर्ट घटकांच्या जागा बदलतं. जुन्या लायब्ऱ्या आलेली यादी तिथल्या तिथे सॉर्ट करतात, हे फार वेळा घडतं. अशा वेळी खरी प्रत द्या:

```
न्यू जेयू.ॲरेलिस्ट[पट्टी](पट्ट्या.ॲजजावा)
```

म्युटेबल `बफर` थेट `.ॲजजावा` करून दिलात, तर जावाचे बदल तुमच्या बफरमध्ये उतरतील. तसं हवं असेल तरच द्या.

आकडे असतील तर आधी `.मॅप(इंट.बॉक्स)`, मग `.ॲजजावा`. नाहीतर `जेयू.लिस्ट[इंट]` तयार होते आणि `इंटिजर`ची यादी मागणारं फंक्शन ती घेत नाही.

वेगाचाही एक मुद्दा आहे. स्कालाची `लिस्ट` ही साखळी आहे. हजारावा घटक काढायला आधीचे सगळे ओलांडावे लागतात, लांबी मोजायलाही तेच. जावाच्या बाजूला `फॉर`मध्ये `आय` वाढवत `गेट(आय)` आणि दर फेरीला `साइझ` असा जुना लूप असेल, तर १०,००० पट्ट्यांसाठी घटक काढण्याच्या सुमारे ५ कोटी पायऱ्या होतात आणि लांबी मोजण्याच्या आणखी १० कोटी. `टूव्हेक्टर` करून मग `.ॲजजावा` द्या, किंवा वरची `ॲरेलिस्ट`. इटरेटरने फिरणाऱ्या लूपला हा त्रास नाही.

## टप्पा ८: ऑप्शनल आणि स्ट्रीम

जावाच्या `ऑप्शनल`साठी `स्काला.जेडीके.ऑप्शनकन्व्हर्टर्स` इम्पोर्ट करा. `टूस्काला` आणि `टूजावा` मिळतात. स्ट्रीमसाठी `स्ट्रीमकन्व्हर्टर्स` आणि `.टूस्काला(लिस्ट)`. नाव एकच असलं तरी इम्पोर्ट वेगळे आहेत.

इटरेटर आणि स्ट्रीम एकदाच वाचता येतात. लॉगमध्ये छापून बघण्यासाठी इटरेटर फिरवला की पुढच्या बेरजेला काही उरत नाही. फाइलवरून आलेली स्ट्रीम बंद करण्याआधी यादीत उतरवून घ्या.

## टप्पा ९: सगळी रूपांतरं एका फाइलमध्ये

आता तयारीतली यादी पुन्हा काढा. प्रत्येक फंक्शनसाठी एक छोटं स्काला फंक्शन लिहा. ते जावाला हाक मारेल, नल तपासेल, आतल्या याद्यांसह कॉपी करेल आणि शुद्ध स्काला प्रकार परत देईल. हे सगळं एकाच ऑब्जेक्टमध्ये ठेवा. मग बाकीच्या प्रकल्पात `ॲजस्काला` आणि `ॲजजावा` हे शब्द शोधा. ऑब्जेक्टबाहेर एखादा सापडला, तर तो का आहे ते लिहिणाऱ्याला विचारा.

त्या ऑब्जेक्टच्या चाचण्यांत एवढं तरी असावं: नल यादी, रिकामी यादी, आत नल असलेली यादी, दहापेक्षा जास्त नोंदींचा क्रम, आणि रूपांतरानंतर मूळ जावा यादी बदलून आपली प्रत तशीच राहते का. तुलना करताना दोन्ही बाजू स्कालाच्या करा. स्कालाची `लिस्ट` आणि जावाची `लिस्ट` यांत सारखेच घटक असले तरी `==` खोटं देतं.

## जुना प्रकल्प २.१२ वर असेल तर

एकदम आवृत्ती उचलू नका. २.१२ वर असतानाच आधी सगळे `जावाकन्व्हर्जन्स`चे इम्पोर्ट काढा. जिथे जिथे कंपायलर अडेल तिथे `.ॲजस्काला` किंवा `.ॲजजावा` हाताने लिहा. गुपचूप चाललेली सगळी रूपांतरं या निमित्ताने उघडी पडतात आणि प्रत्येक ठिकाणी रॅपर हवा की कॉपी, हे ठरवता येतं. नंतर `स्काला-कलेक्शन-कॉम्पॅट` ही लायब्ररी जोडा, तिच्यामुळे `स्काला.जेडीके.कलेक्शनकन्व्हर्टर्स` हा नवा इम्पोर्ट २.१२ वरही चालतो. सगळ्या फाइल्स त्या इम्पोर्टवर आणा, `टूसेक` असलेल्या जागा एकेक करून बघा, चाचण्या चालवा, आणि मगच २.१३ करा.

रूपांतर जावाच्या फाइलमधूनच करायचं असेल, तर तिथे `.ॲजस्काला` असं पुढे जोडता येत नाही. त्यासाठी `स्काला.जेडीके.जावाएपीआय.कलेक्शनकन्व्हर्टर्स` आहे; त्यातल्या `ॲजजावा` आणि `ॲजस्काला` या साध्या फंक्शन्सना यादी कंसात द्यायची. रॅपर, नल आणि क्रम यांचे वरचे नियम तिथेही तसेच लागू होतात.